साहेबांसाठी स्थळ

नवरदेव दारात आले त्याच सकाळी नवरी मुलगा निघाली.

नवरदेव म्हणजे साहेब. चष्म्याच्या दुकानाचे मालक त्यांना पारदर्शक डब्यात घालून, डबा सुती पिशवीत ठेवून आणि पिशवी छातीशी धरून जिना चढून आले होते. साहेब हा त्यांनी पाळलेला टॅरेंट्युला: तळहाताएवढा, काळाभोर, गुडघ्यांवर तांबूस पट्टे असलेला नर कोळी. नवरी म्हणजे महाराणी, त्याच जातीची. ती जिच्या घरात वाढली ती बाई एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये नमुने नोंदवण्याचं काम करत होती. लॅबमध्ये तिला सगळे ताई म्हणत. चष्मेवाले काकाही आधी ताईच म्हणायचे. सोयरीक ठरल्यापासून मात्र ते तिला विहीणबाई म्हणू लागले होते आणि दोघांनाही त्यात मजा वाटत होती.

टॅरेंट्युला पाळणाऱ्यांमध्ये अशा सोयरिकीची रीत ठरलेली असते. नर पाहुणा म्हणून मादीच्या घरी जातो. पिल्लं झाली तर निम्मी नरवाल्याची, निम्मी मादीवाल्याची. मादीने नराला खाल्लं तर नरवाल्याने तक्रार करायची नाही. काकांना हे सगळं मान्य होतं, कारण त्यांच्याकडे वाट बघायला वेळच नव्हता. मादी वीस-वीस वर्षं जगते, पण नर शेवटची कात टाकून वयात आला की त्याचे थोडेच महिने उरतात. साहेबांचे तेही सरत आले होते. मागचा एक पाय ते ओढत चालत. खाणं सुटलं होतं. काकांनी त्यांना नखाएवढे असल्यापासून वाढवलं होतं, आणि या जातीचं त्यांच्याकडे दुसरं काही नव्हतं. ताईखेरीज ओळखीपाळखीतही कोणाकडे नव्हतं. साहेबांचा वंश राहायचा तर तो या आठवड्यात, याच घरात.

ताईने दार उघडलं तेव्हा तिचा चेहरा उतरलेला होता.

"काका, या. पण बसू नका."

"का हो?"

"म्हणजे बसा. पण डबा उघडू नका."

टेबलावरच्या काचेच्या पेटीत महाराणी उभी होती. बरेच दिवस तिने अन्नाला तोंड लावलं नव्हतं. लग्नासाठी भरपूर खाऊ घातलंय, पोट तट्ट झालं असेल, असं ताईने धरलं होतं. खरं तर ती कात टाकायच्या तयारीत होती. आता जुनी कात कोपऱ्यात पडली होती आणि आतून निघालेली महाराणी कोणी वेगळीच होती. पोट आत गेलेलं, पाय लांबसडक. तोंडाजवळच्या दोन छोट्या पायांची टोकं मुष्टियोद्ध्याच्या हातमोज्यांसारखी फुगलेली. पुढच्या पायांवर एकेक आकडा. असे आकडे फक्त वयात आलेल्या नराला येतात. मीलनाच्या वेळी मादीचे सुळे अडवून धरायला ते लागतात.

काकांनी एक चष्मा काढून दुसरा घातला. दुसरा काढून पहिला घातला.

"विहीणबाई," ते म्हणाले, "ही तर आमच्या साहेबांपेक्षा देखणा आहे."

"मी स्वतः तपासलं होतं, काका. कातीवरून. भिंगाखाली."

मादीच्या कातीत पोटाच्या आतल्या बाजूला एक बारीकशी पिशवी दिसते. नराच्या कातीत ती नसते. वाळलेली कात चुरगळलेली असते, म्हणून साबणाच्या पाण्यात भिजवून हलक्या हाताने उलगडावी लागते. ताईने तसंच केलं होतं आणि पिशवी तिला स्पष्ट दिसली होती.

"माझ्या हातून नमुना बदलत नाही," ती म्हणाली. "लॅबमध्ये इतकी वर्षं झाली. एकाही माणसाचं रक्त दुसऱ्याच्या नावावर गेलेलं नाही."

"माणसाचं नसेल गेलं," काका म्हणाले.

ताईचा नवरा स्वयंपाकघराच्या दारात चहाचा कप घेऊन उभा होता. या विषयात तो सहसा पडत नसे. आज पडला.

"त्या दिवशी बशा दोन होत्या ना गं?"

"दोन. दोन भावंडं होती, दोघांच्या काती एकदमच भिजत घातल्या होत्या. ज्याची बशी त्याच्या पेटीसमोर."

"हां," नवरा म्हणाला आणि कपात बघू लागला.

"हां म्हणजे?"

"मला कप ठेवायला जागा हवी होती."

"मग?"

"मग मी बशा उचलल्या. आणि परत ठेवल्या."

"कुठली कुठे ठेवलीस?"

"इकडची तिकडे." त्याने कप दुसऱ्या हातात घेतला. "आणि तिकडची इकडे. पण अगदी नीट लावून ठेवल्या. कोणी हात लावलाय असं तुला वाटू नये म्हणून."

ताईने खुर्चीची पाठ धरली. ती चिडली आहे असं नवऱ्याला वाटलं, आणि तो चार पावलं मागे सरला. पण ती हिशेब करत होती. महाराणी नर निघाली. म्हणजे पिशवी दिसली ती दुसऱ्या भावंडाच्या कातीत. आणि दुसरं भावंड तिने नर म्हणून, फार दिवस टिकायचं नाही म्हणून, कोणी मागतंय तर घेऊन जाऊ दे म्हणून, दोन वर्षांपूर्वी देऊन टाकलं होतं.

"पैलवान!" ती ओरडली.

"पैलवान!" नवराही ओरडला. सुटका दिसल्यावर माणसाचा आवाज फुटतो तसा.

"कोण पैलवान?" काकांनी पिशवी घट्ट धरली.

"माझ्या भावजींकडे आहे. ह्याच्या धाकट्या भावाकडे. त्यांचं केस कापायचं दुकान आहे. काका, तुम्ही चपला काढू नका."

काकांना गाडीतून जायचं नव्हतं. साहेबांना हादरे सोसत नसत. तिघं चालत निघाले. नवरा पुढे, काका मध्ये, ताई मागे. फुटपाथवर कोणी धक्का देईल म्हणून नवरा हात पसरून चालला होता. "जरा बाजूला, नवरदेव येतायत," असं तो म्हणायचा आणि लोक बाजूला होऊन पिशवी कवटाळलेल्या पांढऱ्या मिशांच्या काकांकडे बघत राहायचे. एका बाईने काकांचं अभिनंदन केलं. काकांनी आभार मानले.

भावजींच्या दुकानाच्या काचेवर एक भला मोठा कोळी रंगवला होता. त्याला पिळदार मिशा होत्या आणि आठही पायांत डंबेल्स होती. आत दोन आरशांच्या मधल्या फळीवर खुद्द पैलवानाची पेटी. भावजी एका गिऱ्हाइकाच्या डोक्यावरून मशीन फिरवत होते. उजवी बाजू झाली होती, डावी व्हायची होती.

"वहिनी! तुम्ही इकडे? घरी ठीक ना सगळं?"

"पैलवान मादी आहे," ताई म्हणाली.

मशीन बंद झालं.

"वहिनी, हळू बोला. गिऱ्हाईक बसलंय."

"माझी मुलाखत आहे," गिऱ्हाईक आरशातल्या भावजींना म्हणालं. "जरा आटपा."

"अहो, त्याची छाती बघा एकदा," भावजी म्हणाले.

"ते पोट आहे."

"केवढा वाढलाय माझ्याकडे!"

"मादीच वाढते एवढी. नर असता तर एव्हाना..." तिची नजर काकांच्या पिशवीकडे गेली आणि तिने आवाज उतरवला, "एव्हाना थकला असता."

"मी मानत नाही."

"कात आहे का त्याची एखादी?"

भावजींनी आरशाकडे बोट केलं. पैलवानाची सगळ्यात ताजी कात त्यांनी चिकटपट्टीने आरशाच्या कोपऱ्यात लावली होती, आल्यागेल्याला दाखवायला. ताईने ती अलगद सोडवली आणि केसांवर मारायच्या फवाऱ्यातल्या पाण्याने ओली केली. नवरा मदतीला पुढे आला.

"तू हात खिशात ठेव," ताई म्हणाली. त्याने ठेवले.

काकांनी खिशातून घड्याळजी वापरतात तसलं भिंग काढून डोळ्यात बसवलं. कंगवा घेतला आणि त्याच्या दातांनी कातीची घडी उलगडली. दुकानात सगळे त्यांच्या मानेकडे बघत होते, कारण चेहरा दिसत नव्हता.

"पिशवी आहे," काका म्हणाले.

"कसली पिशवी?" अर्ध्या डोक्याच्या गिऱ्हाइकाने विचारलं.

"बायकांना असते ती."

"म्हणजे मुलगी?"

"मुलगी."

भावजी दुसऱ्या रिकाम्या खुर्चीवर बसले. "अख्ख्या गल्लीला सांगितलंय मी," ते म्हणाले. "पोरं येतात, पैलवानासारखे दंड कसे होतील विचारतात. काचेवरच्या चित्राचं काय करू आता?"

"मिशा पुसा," ताई म्हणाली. "डंबेल्स राहू द्या."

काका पुढे झाले. त्यांनी पिशवीतून डबा काढून काउंटरवर ठेवला, साहेब त्यात पाय ओढत दोन पावलं चालले, आणि काकांनी भावजींना हात जोडले. "म्हणजे माझे व्याही तुम्ही. मी साहेबांना घेऊन आलोय."

आणि मग दुकानातल्या कोणालाही अपेक्षित नव्हतं ते घडलं. भावजी ताठ झाले. कपड्यांवरचे केस त्यांनी झटकले. पैलवानाचा मालक होता तो मुलीचा बाप झाला.

"एक मिनिट," ते म्हणाले. "मुलाचं वय काय?"

"भावजी!"

"वहिनी, तुम्ही मध्ये बोलू नका. मुलीचा प्रश्न आहे. वय काय? आणि तो पाय का ओढतो?"

"वय झालंय," काका म्हणाले. "म्हणूनच घाई केली, व्याहीबुवा. आता आठवड्याचाही भरवसा देता येत नाही. याच्यानंतर माझ्याकडे कोणी नाही. पुढच्या खेपेला दुसरा नर बघू, असं म्हणायची सोय नाही."

भावजींनी डब्यात वाकून बघितलं. साहेबांनी एक पाय उचलला, जरा हवेत धरला आणि परत ठेवला.

"मग बसलाय काय तुम्ही सगळे," भावजी म्हणाले आणि त्यांनी दारावरची पाटी फिरवून दुकान बंद केलं.

पंखा बंद झाला. टीव्ही बंद झाला. पैलवानाने सकाळीच तीन झुरळं खाल्ली होती, म्हणजे भूक मेलेली होती. ताईला तेवढाच आधार. तिने पेटीचं झाकण काढलं, एका टोकाला साहेबांना सोडलं आणि मानेवरचे केस झटकायचा मऊ ब्रश हातात घेतला. मादी अंगावर गेली तर मध्ये घालायला.

साहेब उभे राहिले. पैलवानही उभी राहिली. बराच वेळ कोणीच काही केलं नाही.

"ओळख करून द्यायची असते का?" गिऱ्हाइकाने विचारलं.

"नर पायांनी जमिनीवर ताल धरतो," ताई कुजबुजली. "तिला तो आवडला तर तीही वाजवून उत्तर देते. मग तो पुढे जातो. उत्तर नसताना पुढे गेला तर ती खाते."

"बापरे," गिऱ्हाईक म्हणालं. "हे मुलाखतीपेक्षा कडक आहे."

साहेब वाजवतच नव्हते. काका काचेला नाक लावून बसले होते आणि त्यांच्या श्वासाने काच धुरकट होत होती. भावजींनी तेवढ्या वेळात काम उरकावं म्हणून सवयीने मशीन चालू केलं आणि गिऱ्हाइकाच्या डाव्या कानावर टेकवलं.

मशीनची घरघर फळीतून पेटीत पोचली. साहेब एकदम थरथरले. तोंडाजवळचे दोन हातमोजे त्यांनी मातीवर आपटायला सुरुवात केली. तोंड मात्र होतं मशीनकडे.

"अरे, हे मशीनवर भाळले!" नवरा म्हणाला.

"बंद करा!" ताई म्हणाली. भावजींनी बंद केलं. साहेबही बंद पडले.

"चालू करा," काका म्हणाले.

"काका, तो भलत्याच दिशेला बघतोय. तशात ती मागून आली तर?"

"तक्रार करणार नाही म्हटलंय ना." काकांचा आवाज बदलला होता. "नाहीतर असाच बसून राहील तो. घरी डब्यात बसतो तसा. चालू करा, व्याहीबुवा."

भावजींनी मशीन चालू केलं, पण डोक्याला लावलं नाही. पेटीच्या फळीवर टेकवलं. साहेबांनी पुन्हा ताल धरला. आणि पेटीच्या दुसऱ्या टोकाला पैलवानाने पुढचे दोन पाय उचलून खाली आपटले. थांबली. पुन्हा आपटले.

"वाजवलं!" गिऱ्हाईक किंचाळलं. चौघांनी त्याला गप्प केलं.

भावजींनी हलकेच मशीन थांबवलं. साहेब थांबले नाहीत. ते वळले. मागचा पाय ओढत, दर पावलाला वाजवत, ते तिच्या दिशेने निघाले. पैलवानाने अंग उचललं, सुळे उघडले. ताईचा ब्रश पुढे सरकला. काकांनी खुर्चीचा हात समजून गिऱ्हाइकाचा हात आवळला. साहेबांचे पुढचे आकडे तिच्या सुळ्यांत बसले आणि तिच्या निम्म्या वजनाचा तो म्हातारा तिला मागे रेटू लागला. तेवढ्यात त्यांचा अधू पाय घसरला. सगळा डोलारा एका बाजूला कलला. ताईने ब्रश उलटा धरला आणि त्याची मूठ साहेबांच्या पायामागे मातीत रोवली. साहेबांनी त्या मुठीवर पाय टेकला. एक हातमोजा आत गेला, मग दुसरा.

"झालं?" नवऱ्याने विचारलं. हात अजून खिशात होते.

"झालं," ताई म्हणाली. "आता पळायला हवं त्याने."

साहेब पळाले. त्यांच्यात तेवढा जीव आहे हे काकांनाही माहीत नव्हतं. पैलवान झेपावली, ताईने ब्रश मध्ये घातला, ती ब्रशवर आदळली, आणि साहेब काचेवर चढून, कड ओलांडून, फळीवरून सरळ गिऱ्हाइकाच्या अंगावरच्या कापडावर उतरले. छातीच्या मधोमध जाऊन थांबले.

"आता मी काय करू?" गिऱ्हाईक ओठ न हलवता म्हणालं.

"श्वास घ्या. पण हळू."

काकांनी तळवा पुढे केला. साहेब विचार करून त्यावर चढले. पहिलं कोण हसलं ते सांगता येणार नाही. भावजी टाळ्या वाजवत होते, नवऱ्याने शेवटी हात खिशातून काढून ताईला उचललं, आणि अर्ध्या डोक्याचं गिऱ्हाईक कापडासकट उठून काकांना मिठी मारत होतं. काका ओरडत होते, "हातात आहे! हातात आहे!"

गिऱ्हाईक मुलाखतीला उशिरा पोचलं. कारण विचारल्यावर त्याने खरं सांगितलं, आणि नोकरी दुसऱ्याला मिळाली. पुढच्या महिन्यात केस वाढले नसतानाही ते दुकानात आलं, नुसतं विचारायला: "काही कळलं का?"

साहेब त्यानंतर फार दिवस राहिले नाहीत. एका दुपारी काकांच्या काउंटरवर, पाण्याच्या वाटीजवळ, पाय दुमडून बसले ते उठले नाहीत. काकांनी अर्धा दिवस दुकान बंद ठेवलं आणि विचारणाऱ्यांना सांगितलं, घरातलं माणूस गेलं.

पैलवानाला दुकानातून घरी न्यायला भावजी तयार नव्हते. अशा अवस्थेत मुलीला हलवायचं नसतं, असं त्यांचं म्हणणं होतं. ते त्यांना कुठून कळलं हे कोणी विचारलं नाही. काही महिन्यांनी तिने बिळाच्या तोंडाशी पांढरं रेशीम विणलं, त्यात अंडी घातली आणि गुंडाळून चेंडू केला. त्या दिवसापासून दुकानात मशीन बंद, स्प्रे बंद, सगळं काम कात्रीवर. घाईची गिऱ्हाइकं दुसरीकडे गेली. उरलेल्यांना भावजी हळू आवाजात गप्पा मारायला लावत.

ताई मात्र घाबरलेली होती. नर म्हातारा होता. त्याचं बीज कसं असेल कोणास ठाऊक. आणि दुकानात आधी वर्षं-वर्षं स्प्रे उडालेले. रेशमाच्या आत अंडी कुजली तरी बाहेरून पत्ता लागत नाही. चेंडू लवकर उघडावा तर अंडी मरतात, उशिरा उघडावा तर पिल्लं आपणच बाहेर पडून दुकानभर पांगतात. दिवस मोजून तिने एका सकाळी लांब चमच्याने चेंडू आईच्या पोटाखालून काढला आणि पांढऱ्या कागदावर ठेवला. काका आले होते. नवरा दारात उभा होता. ताईने कात्री उचलली आणि परत खाली ठेवली.

"भावजी, तुम्ही कापा."

"मी?"

"हात तुमचा स्थिर आहे. आणि मुलीकडचे आजोबा तुम्ही आहात."

भावजींनी मिशी कोरायची सगळ्यात बारीक कात्री घेतली. रेशीम करकर वाजत कापलं गेलं. आत पिवळसर मण्यांचा ढीग होता. भावजींनी वाकून वास घेतला.

"कुजका नाही येत," ते म्हणाले.

काकांनी भिंग डोळ्यात बसवलं. ते इतका वेळ गप्प राहिले की नवऱ्याला राहवेना.

"काका, सांगा ना."

"दिसत नाहीये."

"काय दिसत नाहीये?"

"काहीच दिसत नाहीये, डोळ्यात पाणी आलंय माझ्या. तुम्ही बघा."

ताईने भिंग घेतलं. एका मण्याला पाय होते, केसाहून बारीक, पांढरे. ते वाकले आणि सरळ झाले. मग शेजारच्याचे. मग सगळा ढीगच सावकाश हलायला लागला, झोपेतून उठणाऱ्या वर्गासारखा.

"आहेत," ताई म्हणाली. "काका, सगळे आहेत."

भावजी मोजायला लागले, चुकले, पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागले. नवरा छोट्या डब्या आणायला पळाला. जाताना कशालाही हात लावायचा नाही असं ताईने बजावलं आणि तो कबूल करत पळाला. काकांना बसायला हवं होतं. ते मागे न बघता गिऱ्हाइकाच्या खुर्चीत टेकले, खुर्ची फिरली आणि त्यांनी पाय टेकून ती थांबवली नाही. पाय उचलून घेतले. आरसे, दार, ताई, भावजी, पैलवानाची पेटी, पुन्हा आरसे, काका गोल गोल फिरत राहिले आणि फिरताफिरता ओरडत राहिले, "निम्मी माझी! निम्मी माझी!"